कातळवेळच्या पानाचा पहारा

या, असे जवळ सरका. अजून थोडे. मागच्यांनी पाय दुमडा, म्हणजे दारातल्या मावशींनाही जागा होईल. कीर्तनाला अवकाश आहे, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. या गोष्टीत देव आहे, पण तो गाभाऱ्यातून नुसता बघतोय. बाकी सगळं माणसांनी केलेलं. रक्त आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्याला सोसवणार नाही त्याने खुशाल बाहेर जाऊन पान खाऊन यावं. राहिले त्यांनी मात्र शेवटपर्यंत बसायचं.

रत्नागिरीहून एसटीने तासाभराच्या वाटेवर कातळवेळ नावाचं गाव. वरच्या अंगाला गावकरवाडी, खाली खाडीला लागून मासेमारी करणाऱ्या खारव्यांचा खारवीवाडा, आणि दोन्हींच्या मध्ये विठ्ठलाचं देऊळ. देवळामागे चिऱ्यांनी बांधलेली विहीर. दरवर्षी कार्तिकात इथे सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री नाम थांबायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तीन-तीन तासांचा पहारा, आणि कोणाचा कोणता पहारा ते सभामंडपातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं. त्या फळ्यावर खारवीवाड्याचं नाव कधीच नसायचं. त्यांनी पायरीखाली उभं राहून टाळ वाजवावेत, एवढंच.

गावकरवाडीतला अनिल हा आपल्या गोष्टीतला माणूस. वय बावन्न. रत्नागिरीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला. कीर्तन आहे असं कळलं की भरल्या ताटावरून उठेल, असा वेडा. आणि दुसरं वेड विकीचं. इंटरनेटवर तो मुक्त ज्ञानकोश असतो ना, जिथे कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं, त्याचा अनिल प्रचालक होता. म्हणजे काय, तर तिथला पंच. कोणी खोडसाळपणा केला की ते संपादन उलटवून पान पूर्ववत करायचं. दोघे हमरीतुमरीवर आले की त्यांना चर्चा पानावर बसवायचं. तरी ऐकेनात तर पानाला कुलूप ठोकायचं. वर्षानुवर्षं त्याने हे केलं होतं. कोण थोर, कोणता किल्ला कोणी बांधला, कुठली देवी कोणाची बहीण, असली शेकडो भांडणं त्याने मिटवली होती, आणि प्रत्येक वेळी त्याचं एकच मागणं असे. छापलेलं दाखवा. मी सांगतो, माझे आजोबा सांगायचे, हे इथे चालत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कातळवेळच्याच पानावर ठिणगी पडली.

शुभंकर नावाचा खारवीवाड्यातला एक जण मालवाहू जहाजावर नोकरीला होता. त्याने जहाजावरूनच गावाच्या पानात एक वाक्य घातलं: ‘१९९४ च्या सप्ताहात वीणा हाती घेतली म्हणून बाबल्या धाकू यांना मारहाण करून ठार करण्यात आले.’ बाबल्या हा त्याचा बाप. बाप गेला तेव्हा शुभंकर वर्षाचा होता.

अर्ध्या तासात ते वाक्य गेलं. खोडणारा हर्षद. गावकार म्हणजे गावचा मुख्य मानकरी, त्या रावजीचा मुलगा. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरात त्याचे चार ट्रॉलर. त्याने उलट लिहिलं, ‘बाबल्या धाकू हे दारूच्या नशेत विहिरीत पडून मरण पावले,’ आणि खाली त्या वेळच्या एका स्थानिक वर्तमानपत्राचा संदर्भ दिला. तारखेसकट. चार ओळींची बातमी, पण छापलेली.

शुभंकरने उलटवलं. हर्षदने पुन्हा उलटवलं. संपादन करताना कारण लिहायला तिथे एक छोटी जागा असते. त्या जागेत दोघांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. एकदा शुभंकरने तिथे नुसतं एवढंच लिहिलं, ‘तुझ्या बापाला विचार, टाळ कुठे धुतलान.’ अनिलने ती ओळ वाचली आणि हातातला कप खाली ठेवला.

आता विकीवर नियम असा, की एका माणसाने एका दिवसात एकच पान तीनदा उलटवलं की बस्स, पुढे बंदी. शुभंकरची तीन झाली. तो थांबला. हर्षदकडचं उलटवणं मात्र थांबेना. दर तीन तासांनी नवं नाव. एका दिवसात सव्वीस वेळा ते पान उलटंसुलटं झालं, कारण खारवीवाड्यातलीही दोनचार पोरं पुढे आली होती.

संध्याकाळी अनिल देवळात गेला आणि सभामंडपात थबकला. सप्ताहाच्या फळ्यावर, जिथे वीणेचे पहारे लिहायचे, तिथे खडूने लिहिलं होतं: ‘संध्याकाळी सहा ते नऊ ओमकार. नऊ ते बारा विनीत. बारा ते तीन हर्षद.’ आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘मोबाईल खाली ठेवायचा नाही.’

“हे काय रे?” त्याने ओमकारला विचारलं. ओमकार खांबाला टेकून बसला होता, हातात हर्षदचा मोबाईल.

“पहारा, काका. हर्षददादाने पाच खाती काढलीत यावर. ज्याची पाळी त्याने पान राखायचं. खारव्यांनी लिहिलं रे लिहिलं, की उलटव. पाळी संपली की मोबाईल पुढच्याच्या हातात.” तो हसला. “नाम घेत बसायचं नाय एवढंच. बाकी सगळं शेम टू शेम.”

अनिललाही क्षणभर हसू आलं. घरी येऊन त्याने पानाला कुलूप लावलं. पंधरा दिवस कोणालाच काही लिहिता येणार नाही. कुलूप लावताना पानावर जे असेल तेच राहायचं, असा रिवाज आहे. पंचाने बाजू निवडायची नसते. कुलूप लागलं तेव्हा पानावर हर्षदचं वाक्य होतं. दारू आणि विहीर.

विकीवरची त्याची जोडीदार, केळशीची अक्षया, हिचा फोन आला. ती वयाने लहान, पण नियमांत पक्की.

“अनिलकाका, स्वतःच्या गावाचं पान असून तटस्थ राहिलात. मला नसतं जमलं हो.”

“संदर्भ त्यांच्याकडे आहे ना,” अनिल म्हणाला.

“तेच तर.”

त्याने फोन ठेवला. बायकोने, कमळाने, जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबल्याच्या बायकोचा, सखूचा, निरोप आला, की त्या पानवाल्याला म्हणावं मला येऊन भेट. सखू मिरकरवाड्याला मासळी विकायची. अनिल कामावर जाण्याआधी बंदरावर उतरला. लिलाव नुकता संपला होता. बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, ओल्या फरशीवरून टेम्पो मागे येत होते, आणि सखू बांगड्यांच्या दोन टोपल्या पुढ्यात घेऊन बसली होती.

“ये अनिलभाऊ. बस त्या क्रेटवर. कपडे खराब होतील, पन काय करू, माझ्याकडं खुर्ची नाय.”

“वहिनी, कुलूप पंधरा दिवसांचं आहे. तोवर शुभंकरने शोधावं. पुस्तक, वर्तमानपत्र, कोर्टाचा कागद, काहीही छापलेलं.”

“आनि नाय मिळालं तर?”

“मग ते लिहिता येत नाही.”

“आनि हा दारू पिऊन मेला हे लिहिता येतंय? माळकरी मानूस तो. जल्मात थेंब नाय घेतलान.”

“ते छापून आलंय, वहिनी.”

“छापनाऱ्याला कोनी सांगितलान?”

सखूने एक बांगडा उचलून उगाच सरळ करून ठेवला.

“त्या पानावर कोन काय लिहितंय ता तू बघतोस म्हनतात. मग तू काय बघितलंस ता कोन लिहिनार, भाऊ?”

तिने आवाज चढवला नव्हता. तीस वर्षांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. अनिल तोंड उघडणार, तोच मागून हर्षदचा आवाज आला.

“काय गो सखूबाय, पंचाला फितवतेस काय? बांगडे देऊन?”

बरोबर विनीत आणि दोन खलाशी. हर्षदने पायाने टोपली ढकलली. बांगडे फरशीवर पसरले. एका खलाशाने त्यांच्यावर मुद्दाम बूट दाबून फिरवला.

“हर्षद, अरे बाईमाणूस आहे,” अनिल म्हणाला.

“तू गप रे काका. कुलूप लावलंस, तुझं काम झालं.”

तेवढ्यात शुभंकर आला. जहाजावरून उतरून तो आदल्याच दिवशी गावी पोचला होता आणि आईसाठी चहा आणायला गेला होता. हातातला चहाचा पेला त्याने तसाच हर्षदच्या तोंडावर मारला आणि मागोमाग डोकं त्याच्या नाकावर. हाड मोडल्याचा आवाज टोपल्यांच्या पलीकडे ऐकू गेला. हर्षद मागे कोसळला, उठला, नाकातोंडातून रक्त. मग चौघे एकदम शुभंकरवर पडले. पोटात लाथा, पाठीत लाथा. एकाने केसांना धरून त्याचं तोंड फरशीवर, मासळीच्या पाण्यात आपटलं. पुन्हा आपटलं. सखू मध्ये पडली, तिला विनीतने लोटून दिलं. बंदरावर दोनशे माणूस होतं. कोणी ओरडत होतं, कोणी मोबाईलवर चित्रण करत होतं. जवळ कोणी आलं नाही.

हर्षदने शुभंकरचा उजवा हात ओढून बर्फाच्या लादीवर ठेवला. एका खलाशाने मनगटावर गुडघा दिला. बर्फ फोडायची लोखंडी सळई तिथेच पडली होती. हर्षदने ती दोन्ही हातांनी उचलली आणि बोटांवर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पांढरी लादी लाल झाली.

“आता टाईप कर,” हर्षद म्हणाला.

आणि अनिल क्रेटजवळ उभा होता. पाय रोवल्यासारखे. मंडळी, त्याला त्या पायांची ओळख पटली. तीस वर्षांपूर्वी हेच पाय असेच रोवलेले होते.

कार्तिकातलीच दुपार होती ती. अनिल बावीस वर्षांचा. बारा ते तीन त्याचा वीणेचा पहारा. अंगात ताप फणफणलेला, पण पहारा चुकवायचा नाही म्हणून उभा राहिला. तीन वाजले, पुढचा माणूस येईना. जेवून कुठेतरी आडवा झाला असेल. मंडपात तीनचार म्हातारे, तेही पेंगत. अनिलच्या डोळ्यांपुढे काळोखी यायला लागली, गुडघे वाकायला लागले. वीणा टेकली असती तर सप्ताह मोडला असता, गावावर दोष आला असता. पायरीखाली बाबल्या टाळ वाजवत होता. त्याने पाहिलं.

“अरे पोरा, पडशील. दे इकडं.”

अनिलने स्वतःच्या हाताने वीणा काढली आणि बाबल्याच्या गळ्यात घातली. लक्षात ठेवा, स्वतःच्या हाताने. बाबल्या पायरी चढला, वीणा छातीशी धरली, आणि नाम घ्यायला लागला. काय गळा होता! खाडीवर होडीतून हाका मारून मोकळा झालेला गळा. पेंगणारे म्हातारे सावरून बसले. अनिल भिंतीला टेकून ऐकत होता आणि तापातही त्याला वाटलं, माझ्या तीन तासांत देव आला नसेल, तो आत्ता आला.

पाव तास झाला असेल. रावजी आला, मागे सहासात जण.

“कोनी दिलान याला?” रावजी गरजला.

बाबल्याने अनिलकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आणि अनिल म्हणाला, “त्याने ओढून घेतली.”

एवढं एक वाक्य. त्याला संदर्भ कोणी मागितला नाही.

त्यांनी बाबल्याच्या गळ्यातली वीणा काढली आणि अनिलच्या गळ्यात अडकवली. रावजी म्हणाला, “जागचा हलू नको. वीणा खाली गेली तर तुझीपन तीच गत.” मग बाबल्याला पायरीवरून खेचलं. लाथांनी सुरुवात झाली. मग मंडपाच्या कोपऱ्यातली बांबूची दांडकी आली. बाबल्या हात डोक्यावर धरून म्हणत होता, “पोराला विचारा, पोराला विचारा.” एका फटक्याने त्याची कोपरं खाली आली. रावजीने बाबल्याचाच टाळ उचलला, जड पितळी टाळ, आणि त्याच्या कानशिलावर हाणला. पितळेचा नाद झाला, आणि त्याखाली दुसरा, ओला आवाज. पुन्हा हाणला. तुळशीची माळ तुटली, मणी अंगणभर उडाले. बाबल्या जमिनीवर पडून टाचा घासत होता, मग तेही थांबलं. चौघांनी त्याला हातापायाला धरून विहिरीकडे नेलं. पाण्याचा आवाज मंडपात ऐकू आला.

हे सगळं होईपर्यंत अनिल उभा होता. गळ्यात वीणा, बोटं तारेवर, आणि तोंडाने नाम चालू.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. ‘तोंडाला दारूचा वास, पाय घसरून विहिरीत.’ खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक अनिलची. वर्तमानपत्रातल्या चार ओळी त्या पंचनाम्यावरून आल्या होत्या. म्हणजे ज्या संदर्भावर त्याने परवा कुलूप लावलं, तो त्याच्याच सहीचा होता.

बंदरावर पोलिसांची गाडी आली तेव्हा हर्षद आणि मंडळी निघून गेली होती. अनिलने शुभंकरला रिक्षात घातलं, त्याचा हात आपल्या सदऱ्यात गुंडाळला, आणि रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले दोन बोटं वाचणार नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून अनिलने मोबाईल काढला आणि कातळवेळच्या चर्चा पानावर लिहिलं: ‘मी तिथे होतो. वीणा मी दिली. त्यांनी त्याला मारलं. पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे.’ खाली आपलं पूर्ण नाव.

दहा मिनिटांत अक्षयाचा फोन.

“काका, हे... हे खरं आहे?”

“हो.”

ती चाचरत म्हणाली, “तुम्हीच आम्हाला शिकवलंत. डोळ्यांनी पाहिलेलं विकीवर चालत नाही.”

“चालत नाही. ते माझं चर्चा पानावरचं काढून टाक हवं तर. या पानाचा पंच मी नाही यापुढे, तू बघ. मला एवढंच सांग, मी कुठे बोललो म्हणजे चालेल?”

“जिथे कागद होतो तिथे.”

अनिल तिथूनच पोलीस ठाण्यात गेला. अधिकारी तरुण होता. अर्धा जबाब झाल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. “अहो, यात तुम्हीपण अडकताय. खोट्या पंचनाम्याला सही, पुरावा दडवणं. समजतंय ना?”

“समजतंय. लिहा.”

तीन तास लागले. बाहेर पडला तेव्हा ठाण्याच्या दारात एका स्थानिक दैनिकाची बातमीदार उभी होती, मनस्वी नावाची. बंदरावरच्या मारामारीची माहिती घ्यायला आली होती. अनिलने तिलाही सगळं सांगितलं, आणि जबाबाची प्रत दाखवली.

गावात बातमी छापण्याआधीच पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल अंगणात तुळशीला पाणी घालत होता. रावजी आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पण ताठ. हातात वेताची काठी. मागे हर्षद, नाकावर पट्टी, आणि ओमकार.

“अन्या, जबाब फिरव,” रावजी म्हणाला. “ताप होता, आठवत नाय, असं सांग. तुला वीणा धरायला दिली होती रे आमी, तोंड नाय दिलं.”

“गावकार, मी दिली त्याला. त्याने ओढून नाही घेतली.”

हर्षदने कानाखाली वाजवली. अनिलचा चष्मा वृंदावनावर जाऊन फुटला.

“म्हन, ओढून घेतलान.”

“मी दिली.”

या वेळी मूठ. वरचे दोन दात तुटून जिभेवर आले. ते थुंकून अनिल पुन्हा म्हणाला, “मी दिली.” ओमकारने मागून धरलं आणि हर्षदने बरगड्यांवर गुडघा घातला. आत काहीतरी काडीसारखं मोडलं. अनिल खाली बसला. रावजीची काठी खांद्यावर, मानेवर, डोक्यावर पडत राहिली. म्हातारा धापा टाकत होता आणि प्रत्येक फटक्याला विचारत होता, “कोनी? कोनी दिलान?” आणि अनिल प्रत्येक फटक्याला उत्तर देत होता. शब्द आता नीट उमटत नव्हते, रक्ताचे बुडबुडे येत होते, पण उत्तर तेच. मंडळी, एवढ्या श्रद्धेने त्याने नामही कधी घेतलं नसेल.

कमळा घरातून कोयती घेऊन आली. एक शब्द बोलली नाही. पहिला वार तिने हर्षदच्या दंडावर केला. मांस उघडं पडलं. दुसऱ्या वाराला ती सरसावली तेव्हा ओमकार कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून पळाला. रावजी काठी टाकून मागे सरकला.

“ये ना गावकारा,” कमळा म्हणाली. “ये. माझ्या गळ्यात वीणा नाय.”

ते गेले.

रविवारी बातमी आली, पहिल्या पानावर. ‘तीस वर्षांनंतर प्रत्यक्षदर्शीचा जबाब.’ त्यात बाबल्याचं नाव, टाळ, विहीर, खोटा पंचनामा, सगळं. अक्षयाने कुलूप काढलं आणि मजकूर स्वतः लिहिला. शुभंकरचं वाक्य तिने घेतलं नाही, हर्षदचंही नाही. तिने लिहिलं: ‘१९९४ च्या सप्ताहात बाबल्या धाकू यांचा मृत्यू झाला. त्या वेळच्या बातमीत नशेत विहिरीत पडून मृत्यू असे म्हटले होते. २०२४ मध्ये मृत्यूच्या पंचनाम्यातील एका पंचाने पोलिसांना जबाब दिला, की वीणा आपणच बाबल्या यांच्या हाती दिली होती, ती धरल्यावरून त्यांना मारहाण झाली आणि पंचनामा खोटा होता. प्रकरणाचा तपास सुरू आहे.’ खाली दोन्ही बातम्यांचे संदर्भ.

पहारा जागाच होता. चार मिनिटांत मजकूर उलटला. अक्षयाने परत आणला. पुन्हा उलटला, दुसऱ्या नावाने. कोल्हापूरच्या कोणा अनोळखी संपादकाने परत आणला. तिसऱ्या नावाने पुन्हा गेला. मग अक्षयाने वरच्या तपासनीसांकडे तक्रार केली. त्यांना शोधायला फार वेळ लागला नाही. पाचही खाती एकाच मोबाईलवरची निघाली. वीणेचा पहारा असतो तसाच या माणसांनी केला होता ना, माणसं बदलायची आणि हातातली वस्तू तीच ठेवायची. वीणेला ते शोभतं. पाचही खात्यांवर कायमची बंदी आली. मजकूर राहिला.

संध्याकाळी अनिल रुग्णालयातच होता, बरगड्यांना पट्टे, तोंड सुजलेलं. दोन खाटा सोडून शुभंकर. सखू त्याच्या उशाशी. शुभंकरने डाव्या हाताने मोबाईल धरून आईला ते वाचून दाखवलं. तिला अक्षरओळख नव्हती.

“परत वाच,” ती म्हणाली.

त्याने वाचलं.

“‘हाती दिली’ असंच लिहिलंय? ओढून घेतलान असं नाय?”

“नाय गो आये. दिली, असंच.”

सखूने पदराने डोळे पुसले. मग उठून अनिलच्या खाटेजवळ आली. अनिल हात जोडायला गेला, एकच वर आला.

“तू दिलीस,” ती म्हणाली. “मग परत कशाला घेतलीस?”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. मुलाकडे परत गेली, त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

खटला उभा राहिलाय. रावजी, हर्षद आणि बाकीचे जामिनावर आहेत. खोट्या सहीचा खटला अनिलवरही आहे आणि तो दर तारखेला हजर होतो. देवळाच्या मंडळाने त्याचं नाव पहाऱ्यातून काढलं. कार्तिकात तो पायरीखाली उभा राहिला, खारव्यांच्या रांगेत, दोन दात नसलेल्या तोंडाने नाम घेत. अजूनही अधूनमधून कोणीतरी नव्या नावाने येतं आणि त्या चार ओळी खोडतं, आणि कोणीतरी त्या परत आणतं. परत आणणाऱ्यांना कातळवेळ कुठे आहे हेही ठाऊक नसतं.

तुम्ही आता कीर्तनाला बसाल, नाम घ्याल. घ्या, पोटभर घ्या. पण त्याआधी माझ्यासाठी एवढं करा. बाबल्या धाकू हे नाव एकदा तोंडाने उच्चारा. खारवीवाड्यातला, गळ्यात माळ, खाडीवर मोकळा झालेला आवाज. पडणाऱ्या एका पोराला सावरायला तो पायरी चढला आणि पाव तास नाम घेतलं. पानावरून कोणी त्याला उद्या पुन्हा खोडेल. तुम्ही विसरू नका त्याला.